गाणं जिथे विरायला हवं होतं

फोन वाजला तेव्हा वर्डेल पिटमन मोहरीचा पाला धूत होती. पाल्यातली वाळू तिसऱ्या पाण्याशिवाय निघत नाही, आणि दोन पाण्यांवर भागवणाऱ्या बायांच्या घरी ती जेवायला बसत नसे. त्यामुळे तिने फोन खुशाल वाजू दिला, पाला चाळणीत उपसला, हात पुसले आणि मग उचलला.

"मिस वर्डेल! आपण चौथ्या नंबरवर आहोत!"

पलीकडे वाउटर होता. हॉलंडचा हा उंचच उंच पोरगा मागच्या सप्टेंबरात अमेरिकेत मेम्फिसला आला होता आणि गादीच्या बंद पडलेल्या कारखान्यातल्या स्टुडिओत तिचा अख्खा अल्बम रेकॉर्ड करून गेला होता. वर्डेलचं वय सदुसष्ट. तिचा याआधीचा अल्बम निघाला तेव्हा वाउटर पाळण्यात होता. तरी त्याला तिची जुनी गाणी तिच्यापेक्षा जास्त पाठ होती, आणि या गोष्टीचा तिला अभिमानही वाटे आणि थोडा रागही येई.

"कशात चौथ्या?"

"अख्ख्या हॉलंडमध्ये! सगळ्या अल्बमच्या यादीत! तुमच्या वर फक्त तिघं आहेत. दोघं विशीतली पोरं आहेत."

"आणि तिसरा?"

"तो मागच्या महिन्यात वारला. म्हणून खपतोय."

"मग त्याला गाठायची मला घाई नाही," वर्डेल म्हणाली आणि खुर्ची ओढून बसली. मनातून ती हरखून गेली होती. चौथा नंबर! मेम्फिसमध्ये तिला आता फक्त चर्चमधली माणसं ओळखत, आणि तीही तिच्या गाण्यापेक्षा तिच्या हॅटमुळे.

"आणि रेडिओवर दिवसभर शेवटचंच गाणं लागतंय," वाउटर म्हणाला. "ताटाचं. ते सात मिनिटांचं."

"कसली सात? 'तुझं ताट झाकून ठेवलंय' साडेतीन मिनिटांचं आहे. मीच गायलेय ना?"

"गाणं साडेतीनचंच आहे हो. पण त्यानंतर तुम्ही बोलता ना, लोक तर तेच ऐकतायत! परवा ट्राममध्ये दोन मुली एकमेकींना हाका मारत होत्या, 'मोझेल? मोझेल?' अगदी तुमच्यासारख्या."

वर्डेल खुर्चीतून ताडकन उठली.

आता ती काय करून बसली होती ते समजायचं तर गाणं विरतं कसं ते ठाऊक हवं. वर्डेलच्या उमेदीच्या काळात सोल संगीताच्या रेकॉर्डला शेवट नसे. वादक वाजवत राहायचे, गाणारी गात राहायची, आणि काचेपलीकडे बसलेला रेकॉर्डिंगचा माणूस आवाजाची खुंटी हळूहळू खाली आणायचा. ऐकणाऱ्याला वाटायचं, मंडळी गातगात रस्त्याच्या वळणापलीकडे गेली. वळणापलीकडे मंडळी काय करत ते मंडळींनाच ठाऊक. तिथे कुणी वादकाला शिव्या घातल्यात, कुणी नवऱ्याचा उद्धार केलाय. मोझेलने तर एकदा त्याच सुरात, त्याच तालात, सगळ्यांसाठी तळलेल्या कोंबडीची ऑर्डर दिली होती आणि वर्डेलने मागून तिखट जास्त घालायला सांगितलं होतं. ती जागा कुणी ऐकत नाही. चाळीस वर्षांत कुणी ऐकली नव्हती. म्हणून वर्डेल तिथे जाऊन मन मोकळं करून आली, आणि या गाढवाने खुंटी खाली केलीच नाही!

"काप ते," ती म्हणाली.

"काय?"

"बोलणं काप. साडेतीन मिनिटांवर विरव."

"मिस वर्डेल, चौथा नंबर त्या बोलण्यामुळेच आलाय!"

"मग चौदावा येऊ दे. अरे, तू मला विचारलं होतंस का?"

"पाठवला होता की अल्बम! अख्खं खोकं पाठवलं होतं, ऐकून कळवा म्हणून."

हे खरं होतं. खोकं पलंगाखाली तसंच पडून होतं, कारण उघडलं असतं तर चर्चमध्ये वाटावं लागलं असतं, आणि वाटलं असतं तर एक प्रत मोझेलला द्यावी लागली असती. तरी वर्डेल हटली नाही. बरीच रदबदली झाल्यावर वाउटरने हात टेकले. नवी खेप शुक्रवारी संध्याकाळी छापायला जाणार होती. त्याआधी तो बोलणं काढून टाकेल. "पण माझं काळीज तुटतंय," तो म्हणाला.

"तुझं नवं आहे, जुळेल," असं म्हणून वर्डेलने फोन ठेवला आणि पाला पुन्हा एकदा धुतला.

मोझेल टर्नेज ही तिची मैत्रीण. मैत्रीण म्हणणं कमीच आहे. एकोणीस वर्षांच्या असल्यापासून दोघी एकत्र गात होत्या. वर्डेल पुढे, मोझेल तिच्या डाव्या हाताला, अर्धं पाऊल मागे. वर्डेलने ओळ टाकायची आणि मोझेलने ती झेलायची. वर्डेलचे दोन नवरे येऊन गेले, मोझेलचा एक वारला, रेकॉर्ड कंपन्या तर किती बुडाल्या, पण डावी बाजू कधी रिकामी राहिली नाही. मग दोन वर्षांपूर्वी मोझेलच्या गळ्याचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. चर्चच्या गायकवृंदात ती अजून उभी राहत असे, आणि तिच्या बाजूने असा काही बेसूर यायचा की वर्डेलला दात आवळून गावं लागे. साऱ्या चर्चला कळत होतं. पण मोझेलला सांगणार कोण? वर्डेलनेच सांगायला हवं होतं, आणि तिचीच जीभ रेटत नव्हती.

म्हणून वाउटर आला तेव्हा तिने थाप मारली. "हॉलंडवाल्यांना मागे गाणाऱ्या बायका नकोत गं, नुसता ऑर्गन हवाय." मोझेल एवढंच म्हणाली, "बरं." आणि रेकॉर्डिंगच्या शेवटच्या दिवशी तिने सगळ्यांसाठी पीचचा गरम कॉबलर, फळांवर कणकेचा थर देऊन भाजलेला गोड पदार्थ, करून पाठवला. वर्डेलने दोनदा वाढून घेतला, आणि तो घशाखाली उतरतोय तोवरच 'तुझं ताट झाकून ठेवलंय' गायला उभी राहिली. शेवट आला, ऑर्गन चालूच होता, वळणापलीकडची ती सुरक्षित जागा आली, आणि तिचा बांध फुटला.

शुक्रवारी सकाळी ती नेहमीप्रमाणे मोझेलच्या पार्लरमध्ये गेली. गेली नसती तर मोझेल डॉक्टरला घेऊन घरी आली असती. पार्लर म्हणजे मोझेलच्या घराची पुढची खोली: दोन खुर्च्या, एक ड्रायर, आणि छोट्या शेगडीवर तापणारा, केस सरळ करायचा लोखंडी कंगवा. ड्रायरच्या टोपाखाली मिस आयडाबेल बसली होती. ती ऐंशीच्या पुढची, आणि टोप असो वा नसो, तिला ऐकू सारखंच कमी येई.

"आज तू एवढी गप्प का?" मोझेलने विचारलं. तिचा आवाज आता कुरकुरणाऱ्या दारासारखा झाला होता. बोलण्यापुरता तो चालत असे. "पोट बिघडलंय का?"

"नाही गं. हवा कशी कोंदट झालीय ना?"

"हवा," मोझेल म्हणाली, आणि तिने कंगवा कापडावर टेकवून पाहिला. "कान धर."

वर्डेलने कान दुमडून धरला. कंगवा चरचरत केसांतून खाली आला. मनात ती हिशेब करत होती: हॉलंडमध्ये आता संध्याकाळ होत आलीय, पोरगा कापायला बसला असेल, आणखी तासाभरात सगळं निस्तरलं. तेवढ्यात दार उघडलं आणि चर्चचा कारभार बघणारे डीकन हर्शेल बग्ज आत आले. काखेत सीडी वाजवायची पेटी होती आणि चेहऱ्यावर सुवार्ता.

"सिस्टर वर्डेल! छुपी रुस्तम निघालात तुम्ही! माझा नातू जर्मनीत पलटणीत आहे, त्याने पाठवलाय. म्हणाला, आजोबा, सगळी छावणी हेच ऐकतेय. साऱ्या मेम्फिसला पत्ता नाही आणि आम्हाला जर्मनीतून कळायचं?" आणि त्यांनी अल्बमचं पाकीट उंच धरलं. त्यावर वर्डेलचा फोटो होता, खिडकीकडे बघणारा.

"हर्शेल, ते राहू दे आत्ता," वर्डेल म्हणाली. "माझं डोकं दुखतंय."

"हलू नकोस, भाजशील," मोझेल म्हणाली. "लाव रे हर्शेल. मला बोलावलं नाही म्हणून काय ऐकूही देणार नाही का ही?"

"पहिली गाणी चांगली आहेत," वर्डेल घाईघाईने म्हणाली. "पहिल्यापासून लाव."

"छे, छे. नातवाने बजावलंय, शेवटचंच लावा." आणि डीकनसाहेबांनी बटण दाबलं.

गाणं सुरू झालं. कानाशी तापलेलं लोखंड असलेल्या माणसाला उठून पळता येत नाही, एवढंच वर्डेलला त्या क्षणी कळत होतं. मोझेल मान किंचित कलती करून ऐकत होती, सराईत माणसं ऐकतात तशी. "ऑर्गन छान आहे," ती म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "मागे बायका नाहीत तरी चाललंय." वर्डेलला धरणी दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं असं झालं.

साडेतीन मिनिटं झाली. ऑर्गन थांबला नाही.

"मोझेल," पेटीतली वर्डेल म्हणाली. ती अर्धं गात होती, अर्धं बोलत होती, रविवारी चर्चमध्ये कुणी उठून आपलं मन उघडं करतं तसं. "मोझेल, तू कॉबलर पाठवलास. मी दोनदा घेतला, आणि तुला फसवून आले. बायका नकोत असं हॉलंडवाले म्हणालेच नव्हते. मीच म्हणाले. तुझा आवाज गेलाय, मोझेल. ऑपरेशनमध्ये गेला तो परत आलाच नाही. सगळ्यांना माहीत आहे, तुला सांगत कुणी नाही. मी सांगायला हवं होतं, मी तर भित्री निघाले. मोझेल?"

आणि तिथे ती थांबली होती. जिथे चाळीस वर्षं मोझेलचं उत्तर यायचं, तेवढीच जागा सोडून. ऑर्गन एकच सूर धरून राहिला. कुणी आलं नाही.

"मोझेल?" पेटीतून पुन्हा हाक आली.

"काय झालं?" मिस आयडाबेल टोपाखालून ओरडली. "कोण गेलं?"

"कुणी नाही गेलं, आयडाबेल," मोझेल म्हणाली आणि तिचा ड्रायर जोरात केला. मग पेटी बंद केली. "हर्शेल, बाहेर ओट्यावर जाऊन बस."

डीकनसाहेबांच्या चेहऱ्यावरची सुवार्ता केव्हाच उडाली होती. ते पेटी तिथेच ठेवून बाहेर गेले.

"दुसरा कान धर," मोझेल म्हणाली.

वर्डेलने धरला. कंगवा आला, गेला, पुन्हा आला. मोझेलचा हात तसूभर हलला नाही.

"मोझेल, अगं, मला वाटलं ते विरेल. आपण कायम तसंच करत आलो ना? त्या टोणग्याने..."

"माझ्याच गळ्याची बातमी मला सांगायला हॉलंडहून माणूस यायला हवा होता का गं?" मोझेल म्हणाली. "रोज सकाळी देवाचं नाव घेते तेव्हा मलाच कळतं आत काय उरलंय ते. दोन वर्षं चर्चमध्ये मी नुसते ओठ हलवतेय."

वर्डेलने कान सोडला. "नुसते ओठ? मग तो बेसूर कोणाचा?"

"हर्शेलचा. माझ्या मागे उभा असतो ना तो."

"मला सगळं ऐकू येतंय!" ओट्यावरून आवाज आला.

"मग काहीतरी शिक!" मोझेलने उत्तर दिलं, आणि एवढं ओरडल्यामुळे तिला खोकला आला. खोकला थांबल्यावर ती हळू बोलायला लागली. "तू पूर्वी हाक टाकलीस की डावीकडे वळायचीस. स्टेजवर, चर्चमध्ये, कुठेही. मागच्या ईस्टरपासून वळायची बंद झालीस. तेव्हा मला कळलं की तुलाही कळलंय. म्हटलं, सांगेल. दर शुक्रवारी या खुर्चीत येऊन बसतेस, मी वाट बघते, आज सांगेल, आज सांगेल. आणि तू मला हवेबद्दल सांगतेस."

"मला धीर होत नव्हता गं."

"अख्ख्या देशाला सांगायचा बरा झाला."

वर्डेलच्या डोळ्यांना धार लागली होती, आणि कंगव्याच्या धाकाने तिला ती पुसताही येत नव्हती. "पण मी ते निस्तरलंय," ती म्हणाली. "पोराला सांगितलंय, सगळं काढून टाक. आज संध्याकाळी नवी खेप छापायला जातेय. आता पुढे कुणी तुझं नाव ऐकणार नाही. हॉलंडमध्येही नाही नि कुठेच नाही."

मोझेलचा हात इतक्या वेळात पहिल्यांदा थांबला.

"माझं नाव?" तिने विचारलं. "ते लोक माझं नाव घेतात?"

"ट्राममध्ये पोरी हाका मारतात म्हणे. तुझ्या नावाने."

मोझेलने कंगवा शेगडीजवळ ठेवला. "त्याचा फोन नंबर दे."

"कशाला?"

"दे म्हणते ना."

नंबर वर्डेलच्या पर्समध्ये होता. मोझेलने कागद डोळ्यांजवळ धरून एकेक आकडा फिरवला. पलीकडे उचलल्यावर ती ताठ उभी राहिली, चर्चमध्ये उभी राहते तशी.

"हॅलो. मी मोझेल बोलतेय." मग थोडा वेळ ती ऐकत राहिली. "हो, तीच. आणखी किती मोझेल माहीत आहेत तुला?"

वर्डेलला खुर्चीतूनही पलीकडचा गलका ऐकू आला. वाउटर कुणाकुणाला हाका मारत होता, खुर्च्या सरकत होत्या, माणसं धावत येत होती. आणि मग त्या अनोळखी माणसांनी एका आवाजात, ऑर्गनच्या त्याच सुरावर, हाक दिली: "मोझेल?" आणि सगळी गप्प झाली, उत्तरासाठी जागा सोडून.

मोझेल भिंतीकडे तोंड करून उभी होती. तिने किती रेकॉर्डवर गायलं होतं याची कुणी मोजदाद ठेवली नव्हती. त्या रेकॉर्डच्या पाठीवर बारीक अक्षरांत नावानिशी सगळे असत: ट्रम्पेटवाले, ढोलवाले, फोटो काढणारा, एकीवर तर मालकाचा कुत्रासुद्धा होता. मागे उभ्या राहणाऱ्या बायका कधीच नसत. वर्डेलने हे कधी मनावर घेतलं नव्हतं, कारण तिचं नाव पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरांत असे. आज मोझेलची पाठ बघताना ते तिला पहिल्यांदा कळलं, आणि लाज वाटली.

"इथेच आहे मी, बाळांनो," मोझेल आपल्या फाटक्या आवाजात म्हणाली. पलीकडे एकच जल्लोष झाला. तो ओसरू देऊन ती म्हणाली, "आता ऐक, वाउटर. काही कापायचं नाही. एक शब्दही नाही. आणि नव्या खेपेवर माझं नाव घाल. मोझेल टर्नेज. आडनावासकट."

पलीकडून काही प्रश्न आला असावा.

"काय केलं म्हणून? गायली नाही म्हणून लिही. 'मोझेल टर्नेज, गायली नाही.' खरं आहे तेच लिही."

तिने फोन ठेवला, टॉवेलने तोंड पुसलं आणि निवलेला कंगवा पुन्हा शेगडीवर टाकला. वर्डेलने सुटकेचा निःश्वास सोडला. एकदा बोलून झालं, रडून झालं. तिला वाटलं, सुटले. "मग तुझा राग गेला ना?"

"नाही," मोझेल म्हणाली.

"अगं, पण नाव..."

"नाव ठीक आहे. पण तू हॉलंडला सांगितलंस, जर्मनीतल्या पलटणीला सांगितलंस. मला अजून कुठे सांगितलंस?"

"आत्ता ऐकलंस की!"

"ते पेटीतून. मागे ऑर्गन धरला की कुणालाही काहीही सांगता येतं. तू गाण्यात नेहमीच शूर होतीस, वर्डेल." मोझेलने खुर्ची फिरवली. आता आरसा मागे गेला आणि दोघी समोरासमोर आल्या. "मला सांग. इथे. माझ्याकडे बघून."

वर्डेलने तोंड उघडलं आणि मिटलं. ड्रायर घों घों करत होता. खोलीत सूर धरणारं कुणी नव्हतं, आणि काचेपलीकडे खुंटी खाली आणणारंही नव्हतं.

"मोझेल," ती म्हणाली, "तुझा आवाज गेला."

मोझेलने मान हलवली.

"फार गोड होता गं," वर्डेल म्हणाली आणि हमसून हमसून रडायला लागली. "मला वळायची भीती वाटते. वळले आणि तिथून काही आलं नाही तर मी काय करू?"

मोझेलने तिचं डोकं आपल्या पोटाशी धरलं. केसांचं तेल एप्रनला लागत होतं, त्याकडे तिने लक्ष दिलं नाही. शेगडीवर कंगवा तापून धुरायला लागला तेव्हा कुठे मोझेलने हात सोडवला.

"आवाज नसला तरी मी तिथे असते," ती म्हणाली. "वळत जा. चल, मान खाली कर. मागचे केस राहिलेत."